वरची मर्यादा

मेसेज आला तेव्हा मी अंबडला, दुसऱ्या शिफ्टला,
हातात व्हर्निअर, ट्रेमध्ये चाळीस बुश.
‘अभिनंदन! आपल्या कार्डाची मर्यादा वाढवून
तीन लाख करण्यात आली आहे.’
मागितली नव्हती.

आमच्या खात्यात मर्यादा दोन असतात,
वरची आणि खालची.
मधला माल पास.
वर गेला तरी रिजेक्ट, खाली गेला तरी रिजेक्ट,
आणि कुणी अभिनंदन करत नाही.

सहा वर्षं फेडत होतो.
चार कार्डं, एकाचं भरायला दुसरं.
‘किमान देय रक्कम’ जपासारखी भरत राहिलो,
मुद्दल जागचं हललं नाही.
पाटल्या घेऊन सराफ बाजारात गेलो त्या दिवशी
वैजयंताने ठेवणीतली साडी नेसली होती,
सोनाराला वाटू नये म्हणून.
काय वाटू नये, ते मी अजून विचारलेलं नाही.

मागच्या मार्चमध्ये शेवटचा हप्ता गेला.
नो ड्यूजचं पत्र मी लॅमिनेट करून घेतलं
पवननगरच्या झेरॉक्सवाल्याकडे. वीस रुपये, रोख.
तो म्हणाला, लोक दहावीची मार्कशीट आणतात.
म्हटलं, तेच समज.

कर्ज गेलं. त्याची सवय घरातच राहिली.
अनोळखी नंबर वाजला की मी फोन उशीखाली सारतो,
त्यात एक कुरिअरवाला गेला,
आणि एकदा दवाखान्यातून मामा.
दोन तारखेला पोटात गोळा येतो,
मग आठवतं, कुणाला द्यायचे नाहीत.
उरलेल्या पैशाचं काय करायचं असतं
हे मला माहीतच नव्हतं.
पाच-सहा महिने ते खात्यात नुसते बसून होते,
पाहुण्यासारखे, चपला न काढता.
मग थोडे एफडीत टाकले. थोडे कशासाठी ते ठरलं नाही,
तसेच ठेवलेत.

एक कार्ड राखलंय, गॅसच्या पुस्तकात.
त्र्यंबक रोडच्या पंपावर गाडीत पेट्रोल भरतो त्यावर
आणि घरी येऊन, चहाच्या आधी, ते फेडून टाकतो.
ओजस हसतो. बाबा, पन्नास दिवस बिनव्याजी असतात.
असतात. मलाही असंच सांगितलं होतं.
गोदाघाटावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून
लोकांनी नवसाने टाकलेली नाणी काढतात.
नदीत टाकलेल्या पैशावरसुद्धा
कुणीतरी दोरी सोडून बसलेलं असतं.

रविवारी फोन लावला. दोन दाबा, सात दाबा.
‘गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो.’
बरं वाटलं, आपल्याच खात्याचं कुणीतरी.

हर्षाली बोलतेय, काय मदत करू?
मर्यादा कमी करायचीय.
वाढवायची ना, सर?
कमी. पंधरा हजार.
कीबोर्ड थांबला.
सर, कारण टाकावं लागतं. यादीत असं काही नाहीये.
‘इतर’ आहे?
आहे.
मग इतर.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मागे बाकीच्या मुली, अभिनंदन सर, अभिनंदन मॅडम.
मग एकदम खालच्या आवाजात,
भामरे सर, किती वर्षं लागली?
सहा.
माझं दुसरं चालू आहे, म्हणाली,
आणि लगेच मोठ्याने,
आणखी काही मदत करू शकते का?

नाही म्हणालो. दुसरं काय म्हणायचं होतं
ते जिना उतरताना सुचलं.

मेसेज आला, ह्या कॉलला एक ते पाच गुण द्या.
बावीस वर्षांत मोजल्याशिवाय
मी एकही नग पास केलेला नाही.
हा केला.